आडरानला गाडी किती वाजता?

आमचे शेजारी वीरभद्रअप्पा कडुलिंबाच्या सावलीत बसण्याआधी कडुलिंबाची परवानगी घेत. घेत म्हणजे मनातल्या मनात नव्हे. झाडासमोर उभं राहायचं, डोक्यावरची टोपी काढून हातात धरायची आणि मोठ्या साहेबाच्या दारातून आत डोकावावं तशा आवाजात विचारायचं, "बसू का जरा?" मग थांबायचं. वर पानं हलली तर बसायचं, नाही हलली तर नाही. लातूरच्या उन्हाळ्यात दुपारी वारा अगदी पडलेला असतो. त्यामुळे मी अप्पांना सावलीत बसलेलं जितकं पाहिलं, त्याहून जास्त सावलीच्या कडेला उन्हात ताटकळताना पाहिलं.

मला हा प्रकार पहिल्याच दिवशी कळला. किनवटची नोकरी सोडून मी लातूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो होतो. सामानाचा टेम्पो आला, कपाट उतरवलं आणि घाम पुसत मी दारातल्या कडुलिंबाला टेकलो. तेवढ्यात समोरच्या घरातून एक गृहस्थ रस्ता ओलांडून आले. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्यांनी मला विचारलं, "इचारलं का?"

मी म्हटलं, घरमालकांशी बोलणं झालंय, चावीही मिळालीय.

"मालकाला न्हाई ओ. ह्याला," असं म्हणून त्यांनी झाडाकडं हात केला. माझा चेहरा बघून ते जरा नरमले. नवीन आहात म्हणून त्यानं चालवून घेतलंय, म्हणाले.

मग गाव विचारलं. किनवट म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. म्हणजे तुम्ही जंगलातले, तिकडचा साग अजून बोलतो का, असं त्यांनी अगदी आस्थेनं विचारलं. मी कधी लक्ष दिलं नाही, असं खरं ते सांगितलं. नांदेडात जन्म काढून गोदावरी न बघितलेल्या माणसाकडं बघावं तसं ते माझ्याकडं बघत राहिले. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी 'जंगलातला' झालो, आणि त्या नात्यानं त्यांनी मला आडरानच्या बातम्या सांगायला सुरुवात केली.

आडरान हे गाव आहे असाच आमचा समज होता. बोलणंच तसं होतं त्यांचं. नळाला पाणी आलं नाही की, "आडरानात असं न्हाई." महानगरपालिकेची माणसं फांद्या तोडायला आली की, "आडरानात हात तर लावून बगा म्हनावं." उदगीरकडचं, निलंग्याकडचं एखादं खेडं असेल, अप्पांची सासुरवाडी असेल, असं आम्ही धरून चाललो. माझी बायको सुनंदा चौकस. एकदा माहेराहून येताना तिनं बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारलं, आडरानला गाडी किती वाजता आहे. आतला माणूस पाटीकडं न बघताच म्हणाला, निलंग्याच्या गाडीत बसा, फाट्यावर उतरवतील. सुनंदा ही माहिती घेऊन उत्साहानं अप्पांकडं गेली. अप्पांनी ती ऐकली. मग हळूच म्हणाले, "फाटा हाय म्हनला का त्यो? खरंच म्हनला?"

त्या दिवशी आम्हाला कळलं की आडरान कुठंच नाही.

म्हणजे अप्पांच्या मते होतं. फक्त तिथं जाता येत नव्हतं. आडरानात राजा नव्हता, पोलीस नव्हते, तलाठी नव्हता. प्रत्येक झऱ्याला, प्रत्येक जुन्या झाडाला, वाऱ्याच्या प्रत्येक वाटेला एकेक राखणदार होता, आणि त्या राखणदारांच्या अंगी हिकमत होती. जादू म्हटलेलं अप्पांना खपत नसे. जादू म्हणजे जत्रेतली हातचलाखी. हिकमत वेगळी. हिकमत मातीतून येते, मुळातून वर चढते आणि राखणदाराच्या तळपायात शिरते, म्हणून आडरानात राखणदार पायात काही घालत नाहीत. सुकलेल्या झऱ्याशी राखणदारीण नुसती बोलली तरी तो ओला होतो. मोडलेल्या फांदीवर राखणदारानं तळवा ठेवला की ती सांधते. पण हिकमतीचा एक कायदा होता, आणि तो सांगताना अप्पा आवाज खाली आणत. ज्यानं जे राखायचं, ते त्याला स्वतःला मिळत नाही. झऱ्याची झरीमाय कायमची तहानलेली. सावलीचा राखणदार कायम उन्हात. झोपेच्या फुलांवर नेमलेली बाई कधी झोपत नाही.

मी एकदा विचारलं, असं असेल तर हे काम घेतं कोण? अप्पा म्हणाले, घेत कुणीच नाही. झाडाखालून जाताना एक पान पडतं आणि खांद्याला चिकटतं. झटकलं तरी जात नाही. मग त्या माणसानं समजायचं, आपली नेमणूक झाली.

पण हे कायदेकानून कधीमधी. रोज सकाळी ओट्यावर असायच्या त्या बातम्या. मी कॉलेजला निघालो की अप्पा मला थांबवत, आणि उभ्याउभ्या मला कळे की दवबाचे गुडघे धरलेत. हा दवबा म्हणजे दवाचा राखणदार. फार म्हातारा. सूर्य वर यायच्या आत त्याला गवताच्या पात्यापात्याला थेंब लावत फिरायचं असतं, आणि बसायची सोय नाही. वावटळराव मात्र तापट डोक्याचा. कुणाचे तरी वाळत घातलेले पापड उचलून नेले म्हणून बाकीच्या राखणदारांनी त्याला निलंबित केलं होतं. तो रुसून एका पडक्या विहिरीत गोल गोल फिरत बसला होता, आणि आता त्याची समजूत कोण काढणार हा पेच आठवडाभर चालला. मला त्याची इतकी सवय झाली की कॉलेजात बाटल्या धुताना मध्येच वाटायचं, वावटळरावाचं काय झालं असेल. घरी आल्यावर सुनंदा आधी तेच विचारायची.

या माणसाचा धंदा काय असावा? पाण्याच्या मोटारी आणि पाईप. गंजगोलाईच्या बाजारपेठेला लागून दुकान होतं, आणि त्यांचा मुलगा महेश ते नेटकं चालवत होता. अप्पा गल्ल्यावर बसत. शेतकरी दहा एचपीची मोटार घ्यायला आला की अप्पा त्याला विहीर किती खोल, कुणी खोदली, भोवती झाडं कसली हे सगळं विचारत, आणि मोटार गाडीत चढली की हात धरून सांगत, विहिरीला सांगून लावा, एकदम बटण दाबू नका, म्हातारी दचकते. एकजण तक्रार घेऊन परत आला. म्हणाला, अप्पा, तुम्ही म्हटल्याप्रमाणं सांगितलं, तरी पाणी पुरत नाही. अप्पांनी त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "कोन्या तोंडानं सांगितलंव?" तो माणूस दारू पिऊन गेला होता म्हणे. त्यानं ते कबूलही केलं.

महेशला या सगळ्याची लाज वाटे. वाईट नव्हता तो. वडलांचं जेवणखाण, औषध, सगळं बघायचा. पण कुणासमोर आडरानचं नाव निघालं की त्याला काहीतरी काम आठवायचं. मला तो एकदा म्हणाला, अप्पांचं मनावर घेऊ नका, आई गेल्यापासून जरा जास्तच झालंय. मी म्हटलं, मी मनावर घेतलंच आहे. तो हसला, पण त्याला ते आवडलं नसावं.

एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला. आडरानबद्दल बोलताना अप्पा नेहमी 'आम्ही' म्हणत. आम्ही असं ठरवलं, आम्हाला वाटलं दवबाला मदतनीस द्यावा. मला वाटे, म्हाताऱ्या माणसाचा तो मानाचा आम्ही.

तो तसा नव्हता हे नागपंचमीला कळलं.

आमच्याकडं पंचमीला लेकी माहेरी येतात. गल्ली भरून जाते, झाडाला झोके पडतात. आमच्या कडुलिंबालाही पडायचा. अप्पा सकाळपासून त्या झोक्यामागं. झाडाला विचारणं झालं, दोर फांदीला काचू नये म्हणून गोणपाट गुंडाळणं झालं, मग प्रत्येक माहेरवाशिणीला, सावकाश, उजवीकडची फांदी वयस्कर आहे, असं बजावणं झालं. लेकी हसत होत्या, अप्पाही हसत होते. दिवस कलला आणि ते घरात गेले ते बाहेर आलेच नाहीत. जेवलेही नाहीत, असं सून सांगायला आली. सुनंदानं पुरणाची दिंडं ताटात घेतली आणि आम्ही दोघं गेलो. अप्पा आतल्या खोलीत बाजेवर बसले होते. टोपी मांडीवर होती.

सुनंदानं फक्त ताट पुढं ठेवलं आणि समोर बसली. अप्पा आपणहून बोलायला लागले.

त्यांना एक बहीण होती, थोरली. गिरिजाक्का. लहानपणी ती दोघं लातूरजवळच्या मुरुडला. वडलांचं भुसाराचं दुकान आणि ओढ्याकाठी शेत. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला या दोघांना शेतातल्या उंच माळ्यावर धाडत. दिवसभर गोफण घेऊन बसायचं, बोलायला दुसरं कुणी नाही. तिथं अक्कानं आडरान काढलं. ओढ्यापलीकडं जे दिसत नव्हतं ते सगळं आडरान. मुलूख तिचा, राखणदारांना नावं अप्पांनी दिलेली. कायदे तिचे. फार कडक होती म्हणे. राजा नको हेही तिनंच ठरवलं, कारण राजा असला की तो पोरींची लग्नं लांब लावून देतो.

आडरानात राजा नव्हता, पण मुरुडात वडील होते. अक्काचं लग्न देगलूरला लागलं. बैलगाडीत बसताना ती रडली नाही. वीरभद्राच्या कानाशी वाकून एवढंच म्हणाली, "तिकडचं बगत जा, वीरा."

"म्या बगत आलो," अप्पा आम्हाला म्हणाले. "येक दिवस खाडा न्हाई."

सुरुवातीला जाणंयेणं होतं. अक्का पंचमीला यायची, पण लेकरंबाळं घेऊन. आडरानच्या गोष्टीला सवड कुठली. अप्पा बातम्या साठवून ठेवत. कधीतरी निवांत बसू तेव्हा सांगू. मग महेशचं लग्न निघालं. लग्नपत्रिकेत खाली सगळ्या सोयऱ्यांची नावं होती, आणि अक्काच्या मालकांचं नाव छापायचं राहिलं. छापखान्याची चूक. पण भाऊजी भरल्या मांडवातून पंगतीवरून उठले, अक्काला उठवलं आणि गेले. तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, म्हणाले. अप्पांनाही राग आला. बोलावल्याशिवाय मीही येणार नाही, असं तेही बोलून बसले. त्यालाही आता एक जमाना झाला. महेशची लेकरं कॉलेजात जायला लागली.

आणि गेल्या वर्षी देगलूरचं एक गिऱ्हाईक पाईप घ्यायला आलं. बोलता बोलता त्यानं सांगितलं की अक्काचे मालक वारले. तेव्हा ते जाऊन कित्येक महिने झाले होते. अप्पांना कुणी कळवलंच नव्हतं.

सुनंदानं विचारलं, मग तुम्ही गेला नाहीत? अप्पा म्हणाले, कोणत्या तोंडानं जायचं. तिला यायचं असतं तर तिनं निरोप धाडला असता. तिला मी नको असेन.

माझी बायको सहसा मोठ्या माणसांना उलटून बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "अप्पा, झाडाला विचारल्याशिवाय तुम्ही सावलीत बसत नाही. आणि बहिणीला न विचारताच ठरवून टाकलंत, ती नको म्हणेल म्हणून?"

अप्पांनी दिंडाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. ते बराच वेळ तो घोळवत राहिले.

पुढच्या रविवारी मी त्यांना घेऊन देगलूरला निघालो. महेश आपली कार देतो म्हणत होता, पण अप्पांना एसटीच हवी होती. मला वाटतं त्यांना वेळ हवा होता. उदगीरपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत काहीतरी पुटपुटत होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, तिला आधी काय सांगावं? दवबाच्या गुडघ्यांपासून सुरू करावं, का झरीमायनं दुसरा झरा दत्तक घेतला ते आधी सांगावं? तिला कायदा मोडलेला खपत नाही, वावटळरावाला आम्ही परत कामावर घेतलं हे ऐकून ती चिडणार. परीक्षेला निघालेल्या पोरासारखी त्यांची गत झाली होती. उदगीरला चहा घेतला तोही त्यांनी अर्धा टाकला. देगलूर जवळ आलं तशी गाडीत तेलुगू, कन्नड बोलणी वाढली. अप्पा कान देऊन ऐकत होते. अक्का आता कसल्या भाषेत बोलत असेल, असं त्यांनी मला विचारलं.

अक्काचं घर शोधायला त्रास पडला नाही. सून दारात भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करत होती. आत वसरीत एक बारकीशी म्हातारी सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली, अप्पांकडं बघितलं. उठली, आत गेली, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आली.

"बस की," म्हणाली. "उभा कामून?"

अप्पा बसले. तिनं महेशची, नातवंडांची चौकशी केली. भाऊजींचं निघालं तेव्हा अप्पांनी मान खाली घातली. ती म्हणाली, माहेरी कुणालाच कळवू नका असं तेच जाताना सांगून गेले होते. शेवटपर्यंत ती पत्रिका त्यांच्या मनातून गेली नाही. एवढं बोलून ती परत डाळ निवडायला लागली. मग अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आडरानचं सांगायला सुरुवात केली. अगदी नीट, क्रमानं. दवबा, त्याचे गुडघे, त्याला दिलेला मदतनीस.

अक्का लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "कोन रं ह्यो दवबा? लातूरला असतो का?"

अप्पांनी तिला माळ्याची आठवण दिली, ओढ्याची, चिकटणाऱ्या पानाची. तिला माळा आठवत होता. गोफण आठवत होती. वीरा बुजगावण्याला भ्यायचा आणि लघवीलासुद्धा तिला सोबत न्यायचा, ते आठवत होतं. तिच्या टाचांच्या भेगांत आई मेण भरायची ते आठवत होतं. आडरान काही तिला आठवलं नाही. तिनं मनापासून प्रयत्न केला, डोळे मिटून बसली. मग म्हणाली, लेकरं काय काय बोलत असतात. संसारात सगळं वाहून गेलं बघ.

त्या वेळचा अप्पांचा चेहरा मला सांगता येणार नाही. एवढा मुलूख त्यांनी आजवर दोघांचा म्हणून सांभाळला होता, आणि तो एकट्याचाच निघाला.

"तू जाताना म्हनलीस," ते हळूच म्हणाले, "तिकडचं बगत जा. म्हनून म्या बगत आलो."

अक्काचा हात सुपावर थांबला. "ते ध्यानात हाय मला," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, प्रत्येक शब्द जागेवर ठेवावा तशी बोलली. "तिकडचं म्हंजी हिकडचं रं. म्या जिथं चालले व्हते तिथलं. मला बगत जा, म्हनले व्हते."

बाहेर भाजीवालीचा सौदा तुटला होता. सून आली आणि दोघांकडं बघून तशीच आत गेली.

"झाडापानावर राखनदार नेमलास," अक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "माज्यावर कुनाला नेमलास, वीरा?"

एवढं बोलून ती डाळ निवडत राहिली. त्या डाळीत आता खडा उरला नव्हता, तरी निवडत राहिली. अप्पांनी हात लांब केला आणि सुपाची आपल्याकडची कड थोडी ओढून घेतली. दोघं मिळून ती डाळ निवडायला लागले. मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

आत पुन्हा बोलणं ऐकू आलं तेव्हा अप्पा विचारत होते, मुरुडला येतीस का. अक्कानं विचारलं कधी. अप्पा म्हणाले, आत्ता. अक्का म्हणाली, आत्ता कसं, डाळ शिजायची हाय.

डाळ शिजली, आम्ही जेवलो, मुक्काम केला आणि सकाळी तिघं निघालो. अक्काच्या मुलानं स्टँडवर आणून सोडलं. त्याला मामा पहिल्यांदा ओळखू आला नव्हता, पण तो पाया पडला.

मुरुडला आम्ही ओढ्यावर गेलो. अप्पांची पावलं जड पडत होती. श्रावण असूनही ओढा कोरडा होता आणि पलीकडं जे लहानपणी दिसत नव्हतं, तिथं आता पत्र्याची गोदामं होती. अक्काला त्याचं काही वाटलं नाही. तिला बाजार बघायचा होता. कासाराच्या दुकानात बसून तिनं हातभर बांगड्यांचे रंग बघितले, एकही घेतली नाही. ओळखीचं कुणी उरलं नव्हतं, पण तिनं वाटेल त्याला थांबवून सांगितलं की मी हितली लेक हाय. लोकही थांबून, असं का, असं का, म्हणत होते. एका हॉटेलात भजी खाताना ती एवढी खूश दिसली की अप्पा आपली प्लेट तिच्याकडं सरकवून नुसते बघत बसले.

मग ती लातूरला आली. आली त्या दुपारी घरात उकडतंय म्हणून सरळ बाहेर येऊन कडुलिंबाखाली बसली. कुणाला काही विचारलं नाही. अप्पा सावलीच्या कडेला उभे. त्यांनी झाडाकडं बघितलं, पान हलत नव्हतं. अक्काकडं बघितलं. ती पदरानं वारा घेत होती. "ये की," ती म्हणाली. अप्पा जरा चुळबुळले आणि जाऊन तिच्याशेजारी बसले. आमच्या ओट्यावरून सुनंदा आणि मी हे बघितलं आणि एकमेकांकडं बघायचं टाळलं.

अक्का राहिली तेवढे दिवस आडरानच्या बातम्या बंद होत्या. दोघं बहीणभाऊ दिवसभर क्षुल्लक गोष्टींवर बोलत. आईची आमटी कशी असायची, कोणत्या मावशीचा कोणता दात पुढं होता. भांडतही. महेशच्या बायकोपासून लेकरांपर्यंत सगळ्यांना अक्कानं काहीतरी शिकवलं. मग देगलूरहून मुलाचा फोन आला, आणि ती जायला निघाली. घर ते घर, म्हणाली. मालकाचा फोटो एकटा हाय तिथं.

तिला बसवून द्यायला अप्पा आणि मी स्टँडवर गेलो. गाडी लागलेली होती. अप्पा पिशवी घेऊन वर चढले, ती वरच्या फळीवर ठेवली, अक्काला खिडकीची जागा दिली, पाण्याची बाटली तिच्या मांडीवर ठेवली. मग घडीभर नुसते उभे राहिले आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर बसले. मला वाटलं, शेवटचं बोलून घेत असतील. कंडक्टरनं घंटी दिली. मी खालून हाक मारली, अप्पा, गाडी निघाली.

"निगू द्या," अप्पा म्हणाले. अक्का त्यांना उतरायला सांगत होती, तुझे कपडे न्हाईत, औषध न्हाई, वेडा का खुळा. ते समोर बघत राहिले. गाडी वळली तेव्हा खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला, आणि दुकानाकडं बघायला महेशला सांगा, एवढं मला ऐकू आलं.

महेशला सांगितलं तेव्हा तो आधी रागावला. मग वडलांची औषधं, दोन धोतरं पिशवीत भरून दुसऱ्या दिवशी स्वतः देगलूरला गेला. परत आला तो एकटा. अप्पा तिथं रमलेत, म्हणाला. आत्याच्या गुडघ्यांना तेल लावतात.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. अप्पा अधूनमधून येतात, पाहुण्यासारखे चार दिवस राहतात आणि अक्का एकटी हाय म्हणून परत पळतात. गल्लीत लोक विचारत नाहीत, पण सकाळी कॉलेजला निघालो की माझी पावलं समोरच्या ओट्याशी अडतात. एखाद्या दिवशी पहाटे गवत ओलं दिसलं की सुनंदा म्हणते, जमलं बाई म्हाताऱ्याला. आम्हालाही आता हे सांगायला दुसरं कुणी नाही.

परवा न राहवून मी फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, अप्पा, आडरानात काय चाललंय? वावटळरावाचं काय?

अप्पा म्हणाले की खरंच मालूम नाही, तिकडं फिरकायला सवडच झाली नाही. तुम्ही जंगलातले, तुम्हीच जरा बघत जा. मागून अक्काचा आवाज आला, कुणाशी बोलत बसलास. अप्पा म्हणाले, आता ठेवतो. लोणच्याच्या कैऱ्या फोडत होतो, आणि अक्काच्या हातानं अडकित्ता दाबला जात नाही.